सीटी अँजिओग्राफी : रक्तवाहिनीचे चित्र आणि त्याचा अर्थ

एकावन्न वर्षांच्या एका शिक्षिकेच्या छातीत गेले दोन महिने अधूनमधून दडपल्यासारखे होत होते. कधी जिना चढताना, तर कधी वर्गात उभे असताना. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेऊन झाल्या. ईसीजीत दोष आढळला नाही. ट्रेडमिलवरची चाचणी गुडघे दुखू लागल्याने अर्ध्यावर सोडावी लागली. दुसरीकडे शेहेचाळीस वर्षांचे एक अभियंता. त्यांना कसलीही तक्रार नव्हती. पण कार्यालयाने दिलेल्या आरोग्य तपासणीच्या 'पॅकेज'मध्ये हृदयाची सीटी अँजिओग्राफी होती, म्हणून त्यांनी ती करून घेतली. शिक्षिकेचा अहवाल आला : हृदयाच्या धमन्या स्वच्छ. अभियंत्याच्या अहवालात लिहिले होते : एका धमनीत ४० टक्के अरुंदपणा. शिक्षिका निर्धास्त झाल्या. अभियंत्याची मात्र झोप उडाली आणि 'स्टेंट कधी टाकायचा?' असे ते विचारू लागले.

ही दोन्ही माणसे काल्पनिक आहेत. पण असे अहवाल हातात घेऊन बसलेली माणसे शहरातील कोणत्याही हृदयरोगतज्ज्ञाच्या प्रतीक्षाकक्षात दिसतात. यंत्र तेच, तपासणीही तीच. तरीही एकीला तिने दिलासा दिला आणि दुसऱ्याला घोर लावला. असे का व्हावे, हे समजून घ्यायचे तर ही तपासणी काय दाखवते आणि काय दाखवत नाही, हे दोन्ही पाहावे लागते.

वाहिनीच्या आत डोकावण्याचा इतिहास

क्ष-किरणांच्या साध्या चित्रात हाडे दिसतात, रक्तवाहिन्या दिसत नाहीत. रक्त आणि भोवतालचे स्नायू क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच अडवतात, त्यामुळे ते एकमेकांत मिसळून जातात. रक्तवाहिनी दिसायला हवी असेल, तर तिच्यात क्ष-किरणांना अडवणारे काहीतरी भरावे लागते. विल्हेल्म राँटजेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नातील हाशेक आणि लिंडेनथाल यांनी शरीरापासून वेगळ्या केलेल्या हाताच्या रक्तवाहिन्यांत पाऱ्याचे मिश्रण भरून त्यांचे चित्र घेतले. जिवंत माणसावर असा प्रयोग करणे अर्थातच शक्य नव्हते.

पोर्तुगालमधील एगाश मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांची चित्रे मिळवली. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि त्याचे क्ष-किरण चित्र काढून घेतले. या धाडसाबद्दल आधी त्यांच्या वाट्याला अवहेलना आली. १९५६ मध्ये मात्र नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स तपासणी करत असताना नळीचे टोक अनपेक्षितपणे हृदयाच्या उजव्या धमनीत शिरले आणि औषध तिच्यात गेले. रुग्ण बचावला. या अपघातातूनच हृदयाच्या धमन्यांची आज रूढ असलेली अँजिओग्राफी जन्माला आली.

मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून केली जाणारी ही कॅथेटर अँजिओग्राफी अजूनही अतिशय महत्त्वाची आहे. अडथळा सापडलाच तर त्याच टेबलावर अँजिओप्लास्टीही करता येते. परंतु त्यासाठी धमनीत नळी शिरवावी लागते. रक्तस्राव, वाहिनीला इजा, क्वचित पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका असे धोके त्यात थोडे का होईना, असतातच. नळी न घालता तेच चित्र मिळाले तर, हा विचार त्यातूनच पुढे आला.

त्याचे उत्तर सीटी स्कॅनने दिले. लंडनमधील विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा छेद टिपला. हाऊन्सफिल्ड आणि त्यामागचे गणित स्वतंत्रपणे मांडणारे अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही हृदयाच्या धमन्या टिपायला आणखी पाव शतक जावे लागले.

धडधडत्या हृदयाचे स्थिर चित्र

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांची नळी आणि समोरचे संवेदक रुग्णाभोवती वेगाने फिरतात. अनेक कोनांतून घेतलेल्या नोंदींवरून संगणक शरीराचे पातळ छेद तयार करतो आणि ते एकमेकांना जोडून अवयवाची त्रिमितीय प्रतिमा उभी करतो. सीटी अँजिओग्राफीत याच्या जोडीला हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त द्रव वेगाने सोडला जातो. रुग्णालयात त्याला नुसते 'डाय' म्हणतात. हा द्रव रक्तासोबत हव्या त्या धमनीत पोहोचला, की नेमक्या त्याच क्षणी स्कॅन सुरू करायचा असतो. घाई झाली तर धमनी फिकी दिसते, उशीर झाला तर शिराही भरून येतात. म्हणून यंत्र महाधमनीतील द्रवाचे प्रमाण सतत मोजत राहते आणि ते ठरलेल्या पातळीला पोहोचताच स्कॅन सुरू होतो.

मेंदूच्या, पायांच्या किंवा पोटाच्या धमन्यांसाठी एवढे पुरते. हृदयाचे तसे नाही. त्याच्या धमन्या जेमतेम दोन ते चार मिलिमीटर रुंदीच्या आणि त्याही क्षणोक्षणी हलणाऱ्या. त्यामुळे स्कॅनची ईसीजीशी सांगड घालून, दोन ठोक्यांच्या मधल्या निवांत क्षणी चित्र टिपले जाते. हृदयाची गती जितकी कमी तितका हा क्षण मोठा. म्हणूनच ठोके मिनिटाला साठच्या आसपास यावेत यासाठी अनेकांना तपासणीपूर्वी गती कमी करणारी गोळी देतात. धमन्या नीट फुलाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीनही दिले जाते. १९९८ च्या सुमारास एका फेरीत चार छेद घेणारी यंत्रे आली आणि २००४ मध्ये ६४ स्लाइसची. त्यानंतरच हृदयाची सीटी अँजिओग्राफी प्रयोगशाळेतून रोजच्या व्यवहारात आली. आता एकाच ठोक्यात संपूर्ण हृदय टिपणारी यंत्रेही आहेत.

रुग्णाच्या दृष्टीने सांगायचे तर हा सारा प्रकार टेबलावर पंधरा-वीस मिनिटांत आटोपतो. त्यातला प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांचा. डाय जाताना अंगभर उष्णतेची लाट येते, तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी झाल्यासारखेही वाटते. हे सारे अपेक्षित असून क्षणभरच टिकते.

'नाही' हे सर्वांत भक्कम उत्तर

प्रत्येक तपासणीची ताकद एकाच बाजूची नसते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅक्युरसी' या अमेरिकी अभ्यासात छातीत दुखणाऱ्या २३० रुग्णांची सीटी आणि कॅथेटर अशा दोन्ही प्रकारांनी अँजिओग्राफी करून निष्कर्षांची तुलना करण्यात आली. सीटीने 'मोठा अडथळा नाही' असे सांगितले, तेव्हा ते ९९ टक्के वेळा खरे निघाले. पण सीटीने 'निम्म्याहून अधिक अरुंदपणा आहे' असे सांगितले, तेव्हा ते फक्त ६४ टक्के वेळा बरोबर ठरले. म्हणजे सीटीच्या नकारावर मोठा भरवसा ठेवता येतो. तिच्या होकाराची मात्र अनेकदा फेरतपासणी करावी लागते.

म्हणूनच ही तपासणी सर्वाधिक उपयोगी पडते ती मधल्या रुग्णांना. ज्यांची तक्रार हृदयाची असू शकते, पण तशी खात्री नाही, अशा रुग्णांना. लेखाच्या आरंभीच्या शिक्षिका नेमक्या या गटातल्या. स्त्रियांमध्ये हृदयविकाराची लक्षणे अनेकदा ठरावीक साच्यातली नसतात. धाप, थकवा, जबड्यात किंवा पाठीत दुखणे याला अ‍ॅसिडिटी किंवा ताण समजून सोडून दिले जाते. अशा वेळी धमन्या स्वच्छ असल्याचा निर्वाळा मिळाला तर कॅथेटर टळतो आणि दुखण्याचे खरे कारण शोधायला वाट मोकळी होते. हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार सीटीत दिसत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. स्वच्छ अहवालानंतरही त्रास सुरूच राहिला, तर डॉक्टरांकडे पुन्हा जायला हवे.

याला मोठ्या अभ्यासांचा आधार आहे. युरोपातील २६ केंद्रांमध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डिस्चार्ज' अभ्यासात छातीत दुखणाऱ्या ३,५६१ रुग्णांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाची आधी सीटी केली, दुसऱ्याची थेट कॅथेटर अँजिओग्राफी. सुमारे साडेतीन वर्षांनंतर झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच म्हणावे इतके जवळचे होते. मात्र तपासणी-उपचारांतून उद्भवलेल्या मोठ्या गुंतागुंती सीटी गटात ०.५ टक्के, तर कॅथेटर गटात १.९ टक्के होत्या.

स्कॉटलंडमधील 'स्कॉट-हार्ट' अभ्यासाचा निष्कर्ष याहून लक्षवेधी होता. त्यात ४,१४६ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीच्या तपासण्या, तर निम्म्यांना त्याच्या जोडीला सीटी अँजिओग्राफी. पाच वर्षांनी हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका यांचे एकत्रित प्रमाण सीटी गटात २.३ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्के. विशेष म्हणजे पाच वर्षांत अँजिओप्लास्टी आणि बायपासची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच राहिली. मग फरक कशाने पडला? संशोधकांच्या मते, धमनीतील साका डोळ्यांनी दिसल्यामुळे योग्य रुग्णांना कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे आणि अ‍ॅस्पिरिन वेळेवर सुरू झाले. जीव वाचवण्यात चित्राचा वाटा होता खरा, पण त्यामागोमाग आलेल्या साध्या गोळ्यांचा वाटा त्याहून मोठा होता. याउलट, अमेरिका आणि कॅनडातील दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या 'प्रॉमिस' अभ्यासात (२०१५) सीटी आणि ट्रेडमिलसारख्या चाचण्या यांच्या परिणामांत सुमारे दोन वर्षांपर्यंत फरक आढळला नव्हता. थोडक्यात, नुसत्या स्कॅनने कोणी वाचत नाही. त्यानंतर काय केले जाते यावर सारे अवलंबून असते.

टक्केवारीचे कोडे

अहवालातील सर्वांत घाबरवणारा शब्द म्हणजे 'ब्लॉकेज' आणि त्यापुढचा आकडा. हा आकडा वाहिनीची रुंदी किती घटली आहे ते सांगतो; रक्त किती कमी पोहोचते ते सांगत नाही. नळाच्या पाइपात थोडी माती साचली तरी घरातील धार बराच काळ तशीच राहते. धमनीचेही काहीसे तसेच असते. साधारणतः ५० टक्क्यांपर्यंतच्या अरुंदपणाने रक्तप्रवाहात फरक पडत नाही. ७० टक्क्यांच्या पुढे तो पडण्याची शक्यता बरीच वाढते. मधल्या पट्ट्यात काहीच ठाम सांगता येत नाही. डाव्या मुख्य धमनीच्या मुळाशी मात्र ५० टक्के अरुंदपणाही गंभीर मानला जातो.

हल्ली अनेक अहवालांत शून्य ते पाच अशी श्रेणी दिलेली असते. शून्य म्हणजे साका नाही. एक म्हणजे २५ टक्क्यांपेक्षा कमी अरुंदपणा. दोन म्हणजे २५ ते ४९. तीन म्हणजे ५० ते ६९. चार म्हणजे ७० ते ९९. आणि पाच म्हणजे वाहिनी पूर्ण बंद. तिसऱ्या श्रेणीपासून पुढे रक्तप्रवाहाची स्वतंत्र चाचणी करावी का, याचा विचार होतो. सीटीच्याच प्रतिमांवरून संगणकाने प्रवाहाचा अंदाज बांधण्याचे तंत्रही उपलब्ध आहे. अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

या आकड्यांची आणखी एक मर्यादा आहे. धमनीत साचलेले कॅल्शियम सीटीत अतिशय पांढरे, चमकदार दिसते आणि त्याची चमक आजूबाजूला पसरते. परिणामी अडथळा प्रत्यक्षापेक्षा मोठा वाटतो. वयस्कर, मधुमेही आणि डायलिसिसवरील रुग्णांत ही अडचण हमखास येते. जुना बारीक स्टेंट, अनियमित ठोके किंवा अतिस्थूलता यांमुळेही चित्र बिघडते. उलटपक्षी, बायपासमध्ये जोडलेल्या वाहिन्या सुरू आहेत की नाहीत, हे सीटीत बरेच चांगले कळते.

दुसरीकडे, लहान दिसणारा अडथळा नेहमी निरुपद्रवी असतो असेही नाही. हृदयविकाराचे अनेक झटके मोठ्या अडथळ्यामुळे येत नाहीत. मऊ, चरबीयुक्त साक्याचे पातळ आवरण फाटून त्यावर रक्ताची गुठळी जमल्यामुळे येतात. सीटीचे वेगळेपण असे, की कॅथेटर अँजिओग्राफीत वाहिनीतील पोकळी दिसते, तर सीटीत वाहिनीची भिंत आणि तिच्यातील साकाही दिसतो. तो कडक आहे की मऊ, याचा अंदाज येतो. म्हणून '४० टक्के' या अहवालाचा अर्थ 'अजून काही झालेले नाही' असाही नाही आणि 'ताबडतोब स्टेंट' असा तर मुळीच नाही. साका साचू लागला आहे आणि औषध, आहार, व्यायाम व तंबाखूमुक्ती यांनी त्याला रोखण्याची वेळ आली आहे, असा त्याचा अर्थ आहे.

मोठा अडथळा सापडला तरी घाई योग्यच ठरते असे नाही. भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांचा 'इस्केमिया' अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. स्थिर स्थितीतील, पण हृदयाला रक्तपुरवठा बऱ्यापैकी कमी पडत असलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना चांगल्या औषधोपचारासोबत लगेच अँजिओग्राफी व गरजेनुसार अँजिओप्लास्टी किंवा बायपास, तर उरलेल्यांना आधी केवळ औषधे देण्यात आली. सुमारे तीन वर्षांत झटका व मृत्यूच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. छातीत दुखणे मात्र स्टेंट-बायपासने अधिक कमी झाले. हे निष्कर्ष स्थिर रुग्णांपुरते आहेत. झटका आलेला असताना अँजिओप्लास्टी जीव वाचवते, याविषयी दुमत नाही. छातीत असह्य दुखत असेल, घाम फुटला असेल, तर सीटीसाठी वेळ ठरवत बसू नये. तडक रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.

जिथे मिनिटे मोजली जातात

हृदयाच्या सीटीची चर्चा अधिक होते, पण या तपासणीचा सर्वांत नाट्यमय उपयोग इतरत्र आहे. पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूची मोठी वाहिनी बंद पडली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडण्यात आला. साधा सीटी रक्तस्राव आहे का ते सांगतो; सीटी अँजिओग्राफी नेमकी कोणती वाहिनी कुठे बंद आहे ते दाखवते. तशी मोठी वाहिनी बंद असेल तर नळीद्वारे गुठळी ओढून काढता येते. एरवी पहिल्या सहा तासांत केला जाणारा हा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत उपयोगी पडतो, हे २०१८ मधील अभ्यासांनी दाखवले. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसल्यास नातेवाइकांनी 'सकाळपर्यंत पाहू' असे म्हणू नये, ते याचसाठी.

महाधमनीची भिंत आतून चिरली जाण्याच्या विकारात छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखी वेदना होते. ती झटक्यासारखीच वाटते. पण झटका समजून रक्त पातळ करणारी औषधे दिली तर अनर्थ होऊ शकतो. इथे सीटी अँजिओग्राफी काही मिनिटांत निदान करते. पोटातील महाधमनीला आलेला फुगवटाही तिने अचूक मोजता येतो. पुरुषांत तो साडेपाच सेंटिमीटरपर्यंत पोहोचला की सहसा शस्त्रक्रियेचा विचार करतात, म्हणून हे मोजमाप कळीचे ठरते. दीर्घ प्रवास, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपणानंतर पायात झालेली गुठळी फुफ्फुसात गेल्याची शंका असेल, तर फुफ्फुसाच्या धमन्यांची सीटी हीच प्रमुख तपासणी असते.

पायांच्या धमन्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. काही अंतर चालल्यावर पोटऱ्या भरून येणे आणि थांबल्यावर आराम पडणे, हे तिथल्या अरुंद धमन्यांचे लक्षण. तंबाखूचे व्यसन असलेल्यांत आणि मधुमेहींत ते अधिक दिसते. पण इथे पहिली तपासणी सीटी नव्हे. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढण्याची साधी, स्वस्त चाचणी आधी करतात, ते ०.९० किंवा त्याहून कमी असेल तर विकार असल्याचे मानतात. शस्त्रक्रिया किंवा अँजिओप्लास्टी करायची ठरली, की नकाशा म्हणून सीटी अँजिओग्राफी लागते. मधुमेहींच्या गुडघ्याखालच्या धमन्यांत कॅल्शियम फार असते, त्यामुळे तिथे तिचे चित्र कधीकधी अपुरे पडते. आशियातील तरुण स्त्रियांत तुलनेने अधिक आढळणाऱ्या 'ताकायासू' आजारात महाधमनी व तिच्या शाखांना सूज येते आणि मनगटाची नाडीही लागेनाशी होते. या आजारातही भिंतीची जाडी दाखवणारी सीटी अँजिओग्राफी निदानाला मोठी मदत करते.

किरणे, डाय आणि मूत्रपिंड

नळी घालावी लागत नाही म्हणजे तपासणी निर्धोक, असे नाही. तिच्यात क्ष-किरणांचा वापर होतो. २००७ मधील एका आंतरराष्ट्रीय पाहणीत हृदयाच्या सीटी अँजिओग्राफीची मात्रा सरासरी १२ मिलिसीव्हर्टच्या आसपास होती. निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, हे लक्षात घेतले तर ती बरीच होती. २०१७ मध्ये पुन्हा केलेल्या पाहणीत ही मात्रा सुमारे ७८ टक्क्यांनी घटलेली आढळली. हा मोठा दिलासा आहे. पण यंत्र जुने असेल किंवा ते चालवण्याची पद्धत जुनी असेल तर हा लाभ मिळत नाही. आपल्या देशात सीटी यंत्र चालवण्यासाठी मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. केंद्राकडे तो आहे का आणि तपासणीत साधारण किती मात्रा मिळते, हे विचारण्यात काही गैर नाही.

डायमुळे मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. ज्यांचे मूत्रपिंड मुळातच बरेच कमकुवत आहे, त्यांच्याबाबत हा धोका गांभीर्याने घ्यावा लागतो. इतरांत तो अल्प असतो. म्हणून आधी क्रिएटिनिनची रक्तचाचणी करतात. पक्षाघातासारख्या आणीबाणीत मात्र त्या अहवालाची वाट पाहणे नेहमी परवडत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांपैकी मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांना ते तात्पुरते थांबवावे लागते. पूर्वी डायची अ‍ॅलर्जी झाली असेल तर तसे आवर्जून सांगावे. मासळीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना डाय चालत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. त्या अ‍ॅलर्जीचा आयोडीनशी संबंध नसतो. गर्भवती स्त्रियांबाबत ही तपासणी अत्यावश्यक असेल तरच केली जाते.

तक्रार नसताना ही तपासणी करावी का?

दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा लवकर येतो, हे खरे आहे. 'इंटरहार्ट' अभ्यासाच्या २००७ मधील विश्लेषणात पहिल्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३, तर अन्यत्र सुमारे ५९ वर्षे आढळले. या भीतीवरच अनेक 'हृदय पॅकेजेस' विकली जातात. पण भीती खरी असली म्हणून उपाय योग्य ठरत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत हृदयाची तक्रार नसलेल्या ९०० मधुमेहींचा अभ्यास झाला. त्यातील निम्म्यांची सीटीद्वारे चाळणी केली. चार वर्षांनंतर झटका, मृत्यू किंवा अस्थिर छातीदुखी यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. मधुमेहींसारख्या जास्त जोखमीच्या गटात हा निष्कर्ष असेल, तर धडधाकट माणसाने हौसेने तपासणी करून घेण्याचे समर्थन करणे अवघडच.

त्याच 'इंटरहार्ट' विश्लेषणाने आणखी एक गोष्ट अधोरेखित केली. दक्षिण आशियातील लवकर येणाऱ्या झटक्यांमागे धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर यांसारखी नेहमीची कारणेच लहान वयात जमा झालेली दिसली. ती शोधायला सीटी लागत नाही; रक्तदाबाचे यंत्र, रक्ताची चाचणी आणि मोजपट्टी पुरते. औषध सुरू करावे की नाही अशी द्विधा असेल, तर डायविना होणारी कॅल्शियम मोजणी डॉक्टर सुचवू शकतात. तिच्यात शून्य येणे ही चांगली खूण असली, तरी तरुण वयात मऊ साका त्यातून निसटू शकतो.

तपासणीला जाताना

तपासणीपूर्वी काही तास चहा-कॉफी टाळावी; त्यांनी ठोके वाढतात. दमा, आधीची औषधे, मूत्रपिंडाचा विकार आणि अ‍ॅलर्जी यांची माहिती आधीच द्यावी. लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असेल तर संकोच न करता सांगावे. नायट्रोग्लिसरीनसोबत ती रक्तदाब धोकादायकरीत्या खाली आणते. टेबलावर असताना सांगितले की श्वास रोखावा आणि हलू नये. नंतर, डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर भरपूर पाणी प्यावे. अहवालासोबत प्रतिमांची सीडी किंवा डिजिटल प्रतही घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेताना नुसता कागद अपुरा पडतो.

त्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. या तपासणीतून नेमके काय शोधायचे आहे? अहवाल चांगला आला तर काय करायचे आणि वाईट आला तर काय? दोन्ही वेळा उपचार तोच राहणार असेल, तर तपासणी कशासाठी?

आरंभीच्या शिक्षिकेकडे या प्रश्नांची उत्तरे होती. दुखण्याचे कारण हृदय आहे की नाही, हे ठरवायचे होते आणि त्यावर कॅथेटर करायचा की नाही हे अवलंबून होते. अभियंत्याच्या तपासणीमागे असा प्रश्नच नव्हता, म्हणून मिळालेल्या उत्तराचे काय करायचे हे त्यांना कळेना. तरीही त्यांचा अहवाल वाया गेला, असे म्हणता येणार नाही. त्यांच्या डॉक्टरांनी स्टेंटचा विषय बाजूला ठेवला. त्यांचा रक्तदाब मोजला, कोलेस्टेरॉल पाहिले, दिवसाला किती सिगारेट ओढता हे विचारले. रोज एक गोळी, सिगारेट बंद आणि तीन महिन्यांनी पुन्हा भेट, असे ठरले. पॅकेजवर खर्च न करताही हा सल्ला त्यांना मिळू शकला असता. पण तो आता त्यांनी मनावर घेतला, तर ४० टक्क्यांचा तो आकडा पुढे न सरकण्याची चांगली शक्यता आहे.